पलंगाच्या पायाचा भोवरा

आमच्या गल्लीत टेलरकाकांच्या दुकानासमोर काँक्रीटमध्ये एक रिंगण कोरलेलं होतं. दोन माणसं खेटून उभी राहिली तर मावतील एवढं, आणि एका बाजूला चेपलेलं, कारण काढणारी तेव्हा शाळकरी होती. दुकानात उजेड कमी, म्हणून टेलरकाका गिऱ्हाइकाला बाहेर आणत आणि बरोबर त्या रिंगणात उभं करून पँटची उंची घेत.

"इथे या, मधोमध. समोर बघा. खाली बघितलंत की पँट आखूड होते आणि मग दोष माझ्या कात्रीला."

आणि नेमकी त्याच वेळी माझी आत्या कामावरून परत येत असे. अंगात कंडक्टरचा गणवेश, खांद्याला चामड्याची पिशवी, चेहऱ्यावर दिवसभराची गर्दी.

"अहो, रिंगणाबाहेर व्हा," ती त्या माणसाला सांगे. "डाव चालू आहे."

माणूस इकडेतिकडे बघे. डाव खेळणारं कुणीच दिसत नसे.

"लक्ष देऊ नका," टेलरकाका तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणत. "हिचा भोवरा फुटलाय. तेव्हापासून असं आहे."

"फुटला नाही."

"फुटला."

"कुणी बघितला?"

"मी ऐकला."

"ऐकून भोवरे फुटत असते ना उसव्या, तर तुझ्या मशीनच्या खडखडाटात गल्लीतलं एक माणूस अखंड राहिलं नसतं."

एक पाय दुमडलेला, एक सुटा, अशा पँटीतलं गिऱ्हाईक बिचारं दोघांच्या मध्ये हात वर करून उभं. मग आत्या रिंगणाला वळसा घालून घराकडे जाई. त्या रेषेवर तिनं आयुष्यात पाय दिला नाही. सामानाची पिशवी फाटली आणि कांदे रिंगणात घरंगळले, तेव्हाही ती बाहेर उभी राहून म्हणाली, "उसव्या, कांदे दे." आणि काकांनी एकेक करून दिले. वाद वेगळा, कांदे वेगळे.

आत्याला गल्लीत डबलबेल म्हणतात. बोलणं संपलं की ती जे हाताशी असेल त्यावर दोनदा टकटक करते. टेबल असो, दार असो, एकदा डॉक्टरांचं डोकंही थोडक्यात वाचलं. टकटक झाली की समोरच्यानं निघायचं. नियम म्हणजे तिच्या पाठीचा कणा. मी लहान असताना ती मला बसच्या दांड्यावरच्या अर्ध्या तिकिटाच्या खुणेशी उभी करून उंची बघायची, आणि ज्या दिवशी माझा भांग त्या खुणेच्या वर गेला त्या दिवशी भर बसमध्ये म्हणाली, "आजपासून ही पूर्ण माणूस. फुल तिकीट." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं होतं, कारण मला अर्धंच राहायचं होतं.

तिचं लग्नही बसमध्येच जमलं. आमचे आतोबा पंख्यांची दुरुस्ती करतात. मऊ आवाजाचा माणूस, बोलताना पंख्याचा वेग एकवर ठेवल्यासारखा. ते रोज तिकिटापेक्षा एक थांबा पुढे जायचे, मुद्दाम, तिनं येऊन ओरडावं म्हणून. बरेच दिवस ओरडून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला जायचं तरी कुठे आहे?"

"तुमच्या घरी."

"ही बस तिकडे जात नाही," आत्या म्हणाली आणि दोरी ओढली.

पण पुढे बोलणी झाली. सगळं ठरत आलं, तेव्हा तिनं आतोबांना गल्लीत आणलं आणि रिंगणापाशी उभं केलं.

"इथे खाली माझा भोवरा आहे. तो फुटलेला नाही. हे पटत असेल तर पुढचं बोलू."

आतोबांनी त्या कोऱ्या काँक्रीटकडे बराच वेळ पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "फुटलेला वाटत नाही."

हा भोवरा तिथे गेला कसा, ते सांगायला हवं.

आत्या तेव्हा दोन वेण्यांची होती आणि गल्ली मातीची. शाळा सुटली की पोरं दप्तरं ओट्यावर फेकून टेलरकाकांच्या वडिलांच्या दुकानासमोर जमायची. टेलरकाका तेव्हा काका नव्हते. वडिलांनी चुकीचे घातलेले टाके उसवून द्यायचं काम त्यांच्याकडे, म्हणून सगळे उसव्या म्हणायचे. भोवरा खेळायला ते दुकानातला काजाचा दोरा पळवून आणत; तो आठपदरी वळून त्याची दोरी करत. आत्याकडे साधी सुती दोरी, पण ती गुंडाळायची अशी की एक वेढा दुसऱ्यावर चढणार नाही. भोवऱ्याच्या खालच्या लोखंडी खिळ्याला, म्हणजे आरेला, जिभेनं ओला केलेला अंगठा लावायचा, तिथून दोरी वर चढवत न्यायची, टोक बोटात अडकवायचं, आणि खांद्यातून असा हात फेकायचा की भोवरा हवेतच जागा होतो आणि जमिनीवर उतरतो तो गुणगुणतच. आत्याचा भोवरा इतका ताठ फिरायचा की हलताना दिसायचाच नाही. मोठी माणसं ओट्यावरून म्हणायची, "झोपला गं तुझा." मग ती दोन बोटांच्या बेचक्यातून त्याला अलगद तळहातावर घ्यायची आणि गल्लीभर मिरवायची. भोवरा हातावर, मान वर. पोरं मागे.

हा भोवरा साधा नव्हता. आजोबांच्या पलंगाचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून तो काढून कातारीकाकांकडे दिला होता. कातारी म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्याला घाट देणारा. पलंगाचे पाय, कपाटाच्या मुठी, कपडे टांगायच्या खुंट्या असलं सगळं त्याच्याकडे व्हायचं. आजोबांनी आत्याला पाय पोचवायला पाठवलं. आत्यानं तो पोचवला आणि निरोप सांगितला, "बाबा म्हणाले, भोवरा करा."

"पलंगाच्या पायाचा?"

"जुनं लाकूड आहे ना. फुटत नाही म्हणे."

कातारीकाकांना वाटलं, असेल. त्यांनी झक्क भोवरा काढून दिला, वरून लाल लाखेचा पट्टा. आजोबा त्या दिवसापासून पलंगाच्या एका कोपऱ्याखाली विटा लावून झोपले. ओरडले, पण भोवरा फिरताना पाहिल्यावर म्हणाले, "माझा पाय आहे तो, लक्षात ठेव. हरायचं नाही." गल्लीत भोवऱ्याचं नावच पडलं 'पलंग'.

खेळ असा. जमिनीवर रिंगण काढायचं. सगळ्यांनी एकदम भोवरे टाकायचे. ज्याचा नीट फिरला नाही किंवा आधी पडला, त्याचा भोवरा रिंगणात आडवा ठेवायचा. मग बाकीच्यांनी आपापले भोवरे वरून त्याच्यावर मारायचे. आर लागून लाकडाला खळगा पडला तर ती खोच. खोचा खात खात भोवरा रिंगणाबाहेर ढकलला गेला तर सुटला. फुटला तर संपला. मारणाऱ्याचा भोवरा रिंगणातच उतरला नाही, तर आतला सुटला आणि मारणाऱ्याचा आत गेला. आणि सगळ्यात मोठा नियम एकच: रिंगणातल्या भोवऱ्याला मालकानं हात लावायचा नाही. लावला की डाव गेला. गेलेल्या डावात मालकानं दुसरा भोवरा रिंगणात ठेवायचा, आणि मार खायचा.

हा नियम सगळ्यांना पाठ होता आणि सगळे तो मोडायचे. पायानं हळूच सरकवायचे, मांजर आलं म्हणायचे, फुंकर मारायचे. न मोडणारी एकटी आत्या.

तर एक दिवस गल्लीत काँक्रीट करणारे आले. खडी पडली, फळ्या लागल्या, अर्धी गल्ली पांढरी झाली. टेलरच्या दुकानासमोरचा तुकडा तेवढा उरला. उद्या तोही. काँक्रीटवर आर घसरते, माती सोडून भोवऱ्याला मजा नाही, म्हणून पोरांनी ठरवलं की आज शेवटचा डाव. आणि त्या शेवटच्या डावात, दोरीला गाठ बसल्यामुळे, आत्याचा पलंग आयुष्यात पहिल्यांदा रिंगणात गेला.

बाकीच्यांचे नेम चुकले. उसव्या उरला. त्यानं आदल्या दिवशी वडिलांच्या कात्रीच्या सहाणेवर आर घासून सुईसारखी केली होती. अंधारून आलेलं. त्यानं हात उगारला, फेकला, आणि कट् असा आवाज झाला. त्याच क्षणाला त्याच्या आईनं हाक मारली आणि तो आपला भोवरा घेऊन पळाला. रिंगणात काळोख. पलंग आत. बाहेर गेला नव्हता, एवढं आत्याला दिसत होतं. खोच लागली का, फुटला का, ते दिसत नव्हतं. हातात घेऊन बघितला असता तर कळलं असतं. पण हात लावायचा नाही.

तिनं घरून पत्र्याचा डबा आणला, भोवऱ्यावर पालथा घातला, आणि जेवायला गेली.

सकाळी उठून येते तो काम झालेलं. ओलं, गुळगुळीत काँक्रीट. डबा मात्र कामगारांनी पुसून नीट ओट्यावर ठेवला होता.

दप्तर पाठीला लावलेला उसव्या शेजारी येऊन उभा राहिला. मग तो म्हणाला, "जाऊ दे ना. फुटलेलाच होता."

आत्यानं काडी उचलली, आणि जिथे रिंगण होतं बरोबर तिथे ओल्यात रिंगण काढलं. मग म्हणाली, "फुटला नव्हता. तुझा नेम लागलाच नाही. तो आवाज खड्याचा होता."

तिथपासून हे चालू. आत्यानं आजोबांना छातीठोकपणे सांगितलं होतं की पाय शाबूत आहे. आजोबा जाताना पलंग तिच्या नावे करून गेले, विटांसकट. आता त्यावर आतोबा झोपतात. टेलरकाकांच्या आयुष्यात दुसरं काही सांगण्यासारखं घडलं नाही असं नाही, पण लग्नाकार्यात चारचौघं जमली की ते हेच सांगत: डबलबेलचा पलंग फोडणारा मी. एखाद्याचं बक्षीस भिंतीवर असतं, यांचं जमिनीखाली होतं.

आणि मागच्या महिन्यात गल्लीतल्या सांडपाण्याचा पाइप बदलायला माणसं आली.

ब्रेकर यंत्राचा आवाज आत्यानं कोपऱ्यावरून ऐकला. ती कामावर निघाली होती. जिनं तापातही रजा घेतली नाही, तिनं उभ्याउभ्या डेपोत फोन लावला.

"साहेब, आज येत नाही. घरचं माणूस अडकलंय." जरा थांबून, "नाही, दवाखान्यात नाही. काँक्रीटमध्ये." टकटक. फोन बंद.

मी पोचले तेव्हा ती रिंगणापाशी हात पसरून उभी होती आणि समोर ब्रेकर घेतलेला माणूस, बाजूला मुकादम.

"पुढे चला, पुढे चला," ती म्हणत होती. "हा थांबा वगळा."

"बाई, पाइप इथूनच जातो," मुकादम म्हणाला. "खाली काय आहे? सोनं?"

"भोवरा."

मुकादमानं ब्रेकर बंद करायला लावला, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल म्हणून. "काय?"

"भोवरा. माझा. या यंत्रानं त्याचा भुगा होईल. छिन्नीनं काढा. तुकडा अखंड उचला."

"आणि भुगा झाला तर?"

"तर हा माणूस," आत्यानं दुकानाकडे बोट दाखवलं, "मरेपर्यंत सांगेल की यानं फोडला."

टेलरकाका गळ्यात टेप घेऊन पायरीवर आले होते. त्यांचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला. चहाचा कपही ते डाव्या हातानं उचलतात. पण त्या दिवशी आवाज कडक होता.

"काढा काढा, छिन्नीनंच काढा. दोन तुकडे निघाले की एक तिला द्या, एक मला. मी काचेत लावणार आहे."

मुकादमानं आतोबांकडे पाहिलं. तिथे शहाणा दिसणारा माणूस तेवढाच होता.

"काढा छिन्नीनं," आतोबा मऊ आवाजात म्हणाले. "माझ्या संसाराचा पाया आहे तो."

तोवर सोनं हा शब्द गल्लीत फिरला होता. खिडक्या उघडल्या. दूधवाला थांबला, इस्त्रीवाला इस्त्री तशीच तापत ठेवून आला. ज्यांना भोवरा निघणार असं कळलं ते निराश झाले, पण गेलं कुणी नाही.

मुकादमाचे लोक रिंगणाच्या भोवतीनं छिन्नी मारत गेले. बऱ्याच वेळानं तुकडा सुटला. चौघांनी पहारींवर उचलून तो पालथा केला, आणि सगळे वाकले. खालच्या बाजूला, काँक्रीटमध्ये अर्धा रुतलेला, मातीनं काळा पडलेला, आडवा पलंग. गंजलेली आर बाहेर आलेली. लाल पट्ट्याची एक रेघ अजून दिसत होती.

मग आत्या टेलरकाकांकडे न बघता म्हणाली, "दिसतोय का फुटलेला?"

"ही खालची बाजू. मी वरून मारला होता. फूट आत आहे."

"आत काही नाही."

"मग काढू दे ना बाहेर. घाबरतेस कशाला?"

"घाबरतंय कोण? थांबा." हे मुकादमाला. तिनं एक खडू, म्हणजे टेलरकाकांच्या कानावरचा शिंपीकामाचा खडू, सरळ उचलला, उघड्या पडलेल्या मातीवर त्या तुकड्याभोवती रिंगण काढायला गेली, खडू मातीवर उठेना, म्हणून मग बोटानं काढलं. "डाव जिथे थांबला तिथून पुढे. मी हात लावणार नाही. तूही नाही. फक्त मुकादम."

"मुकादमाचा हात चालतो?" काकांनी विचारलं.

"तो खेळत नाहीये."

"आणि चौघांनी उचलला तेव्हा?"

"पहारीनं उचलला. पहार म्हणजे हात नव्हे."

काकांनी विचार केला आणि मान्य केलं. मुकादमानं कपाळाला हात लावला, पण छिन्नी घेतली. तोही हळूहळू त्यात ओढला गेला होता. एक टोला, फुंकर. एक टोला, फुंकर. काँक्रीटचे पापुद्रे सुटत होते. आत्या ओठ घट्ट मिटून बघत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की तिला खरंच माहीत नाही. इतकी वर्षं ती सगळ्यांना ठणकावून सांगत होती, आणि तिनंही तो पाहिला नव्हता.

शेवटचा टोला बसला. काँक्रीट दुभंगलं, आणि भोवरा सुटून मातीत घरंगळला. आर, पोट, डोकं, सगळं जागेवर. डोक्यापाशी एक खोल खळगा, त्यात करडं सिमेंट भरलेलं. फूट नाही. भेग नाही. पलंग पूर्ण.

आत्यानं दोन्ही हातांनी तो उचलला आणि छातीशी धरला. "बाबा," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवाल्याच्या दुकानातून जळका वास यायला लागला, तो पळाला. आतोबांनी चष्मा पुसला. आत्या भोवरा फिरवून फिरवून बघत होती. "बघ. बघ रे उसव्या. एक रेघ नाही. खोच आहे. मान्य, खोच आहे. लागला होता तुझा. मी म्हणायचे खडा, तो खडा नव्हता. पण फुटला नाही."

टेलरकाकांनी टेपचं एक टोक ओढलं, सोडलं. चेहरा पडला होता, पण तितकाही नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"फुटला नाही ते. आवाज फुटल्याचा नव्हताच. फुटलेला भोवरा असा वाजतो, फट्ट. हा कट् वाजला."

"मग तू म्हणालास का?"

"तू रडकुंडीला आली होतीस. म्हटलं, चांगला भोवरा पुरला गेला म्हटल्यावर हिला झोप लागायची नाही. फुटका गेला म्हटलं तर बरं वाटेल. तर तू माझ्याच अंगावर आलीस, की नेमच लागला नाही म्हणून. मग मी कसा मागे घेणार? माझा नेम लागला होता."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मला वाटलं, आता ही काहीतरी छान बोलणार. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते घाईनं पुढे म्हणाले, "आणि दुसरं म्हणजे, तू हात लावलास."

आत्यानं खाली पाहिलं. तिची पावलं रिंगणात होती. भोवरा तिच्या हातात होता.

"डाव संपला होता," दूधवाला म्हणाला. त्याला तिची कीव आली असावी.

"कुठे संपला?" काका म्हणाले. "तिनंच सांगितलं, डाव जिथे थांबला तिथून पुढे. रिंगण तिनंच काढलं. भोवरा रिंगणात होता की नव्हता, मुकादम?"

मुकादम बिचारा खरं बोलणारा माणूस. "होता," तो म्हणाला.

"मालकानं उचलला की नाही?"

"उचलला."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. ती काहीही म्हणू शकली असती. आनंदात उचलला, वय झालं, काय लहान मुलांसारखं. बसमध्ये लोक तिला असली कारणं रोज देतात. तिनं पलंगावरची माती रुमालानं पुसली, तो पिशवीत ठेवला, पिशवीचं बटण लावलं.

"बरोबर आहे. हात लागला. डाव गेला." आणि ब्रेकरच्या दांड्यावर दोनदा टकटक. "दुसरा भोवरा ठेवते. कधी बुजवणार हे?"

"पाइप आज बसतो," मुकादम म्हणाला. "काँक्रीट उद्या पहाटे."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत माती आहे," आत्या म्हणाली. ती आतोबांकडे वळली. तिनं काही विचारलंच नव्हतं, तरी आतोबा म्हणाले, "नाही."

"अहो, एकच पाय."

"एका कोपऱ्याला विटा आहेतच."

"म्हणून तर. एकाच बाजूला विटा, तुम्ही तिरके झोपता. दुसऱ्या बाजूलाही लावल्या की सपाट."

आतोबा घरी गेले आणि करवत घेऊन बसले. कातारीकाका आता नाहीत, त्यांची मुलगी लेथ चालवते. तिनं पाय हातात घेऊन विचारलं, "याचं काय करू, पलंगाला मिळताजुळता दुसरा?"

"भोवरा," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

तिनं पाय उलटसुलट केला. "बाबा सांगायचे एका मुलीची गोष्ट," ती म्हणाली, आणि आत्याकडे बघून थांबली, आणि हसू दाबत लेथ सुरू केलं.

ऊन उतरलं तेव्हा पाइप बसला होता, माती चोपून झाली होती, आणि गल्ली दुतर्फा ओट्यांवर बसली होती. आत्यानं रिंगण काढलं, यावेळी एकदम गोल. नवा भोवरा मधोमध आडवा ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

टेलरकाकांनी बटणांच्या खणातून आपला जुना भोवरा आणला. त्याची आर अजून सुईसारखी. काजाचा दोरा आठपदरी वळला, ओला अंगठा लावला, गुंडाळला. मग फेकायला गेले आणि हात छातीच्या वर जाईना.

"डाव्यानं टाक," आत्या म्हणाली.

"डाव्यानं मी कधी कापडसुद्धा कापलं नाही."

"मग बाईंना दे," म्हणजे काकूंना, "त्यांचा नेम चांगला आहे. परवा लाटणं कुठून कुठे आलं ते गल्लीनं पाहिलंय."

ओट्यांवर हशा पिकला. काकू दुकानातून म्हणाल्या, "ते त्यांना लागलं नाही हो. मुद्दाम."

काकांनी दात आवळले आणि डाव्या हातानं फेकला. भोवरा रिंगणाकडे गेलाच नाही. तो सरळ उलटा, दुकानात, टांगलेल्या पँटींच्या रांगेत शिरला, एका खिशात जाऊन बसला आणि तिथेच थोडा वेळ घुंघुं करत राहिला.

"माझा सुटला," आत्या म्हणाली. "तुझा ठेव."

नियम नियम. काकांनी पँटीच्या खिशातून भोवरा काढला आणि रिंगणात ठेवला. आत्यानं आपला उचलला. नवी सुती दोरी, एक वेढा दुसऱ्यावर नाही. खांद्यातून हात फिरला. मी तिला तिकिटं फाडताना, लोकांना दामटताना, दोरी ओढताना पाहिलं आहे. हा हात मी कधी पाहिला नव्हता. दिवे अजून लागायचे होते, गल्ली करडी झाली होती. आवाज तेवढा आला. कट्.

तिचा भोवरा रिंगणात उतरला, दुसऱ्याला ढकलत कडेपर्यंत गेला, आणि उभाच्या उभा झोपला. तिनं दोन बोटांनी तो तळहातावर घेतला. टेलरकाकांचा रिंगणातच पडून होता. काका गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, जितकं हात न लावता वाकता येतं तितकं.

"दिसत नाही काही," ते म्हणाले.

मुकादम फळ्या लावून निघाला होता. "काका, घ्या उचलून तो. पहाटे माल येतोय."

"हात लावायचा नाही त्याला," काका गुरगुरले.

आत्या शेजारी येऊन उभी राहिली. भोवरा तिच्या हातावर अजून फिरत होता.

"जाऊ दे ना," ती म्हणाली. "फुटलेलाच आहे."

"कोण म्हणतं?" टेलरकाका म्हणाले, आणि पत्र्याचा डबा शोधायला दुकानात गेले.